अणू कुणासाठी पोकळ?

परवा एका व्याख्यानात वक्त्यांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "हे टेबल म्हणजे निव्वळ पोकळी. विज्ञानानंच सिद्ध केलंय, सगळी माया!" टाळ्या पडल्या. दाखल्याला वानखेडे स्टेडियम होतंच: अणू स्टेडियमएवढा, केंद्रक मधोमध मोहरीएवढं, बाकी सगळं रिकामं. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता सोडून देववत नाही.

प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन ही शाळेतली उजळणी नको. पण वजन असणं वेगळं आणि जागा अडवणं वेगळं, हे विसरून कसं चालेल? अणूचं जवळजवळ सगळं वजन केंद्रकात असतं. एकटा प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड. जागा मात्र अडवतात ते इलेक्ट्रॉन. स्टेडियमच्या दाखल्यात वजनाचा हिशेब मांडला जातो आणि निष्कर्ष जागेबद्दल काढला जातो.

मुळात ही पोकळी सापडली कशी? १९०९ साली मँचेस्टरला हान्स गायगर आणि जेमतेम विशीतला अर्नेस्ट मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसत. आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळताच चमकणारा एकेक ठिपका मोजायचा. कंटाळवाणं, डोळे शिणवणारं काम. पण अणूच्या पोटात केंद्रक आहे हे कळलं ते या मोजणीतून. सोन्याच्या वर्खातून बहुतेक अल्फा कण सरळ पार जात, क्वचित एखादा मागे उलटे. त्यावरून १९११ मध्ये रदरफर्डनं केंद्रकाची कल्पना मांडली. मात्र अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सात हजारांहून अधिक पट जड. त्याला वाटेतले इलेक्ट्रॉन अडवणार कसे? अणू रिकामा ठरला तो अल्फा कणासाठी. वक्त्यांचा हात काही अल्फा कण नव्हता.

हाताला टेबलातले इलेक्ट्रॉन अडवतातच. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउलीचा १९२५ चा नियम. तो नसता तर निव्वळ विद्युत बलांच्या जोरावर पदार्थाला आपला आकार टिकवता आला नसता. डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ मध्ये हे गणितानं पक्कं केलं. शिवाय इलेक्ट्रॉन म्हणजे स्टेडियमभर घिरट्या घालणारी माशी नव्हे. त्याची तरंगरूप अवस्था अणूभर पसरलेली असते. मग रिकामी जागा उरली कुठे?

इथवर मी टेबलाच्या भरीवपणाची बाजू घेत होतो. पण वजनाचाही असाच छडा लावायला गेलो आणि अडलो. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची मूळ वस्तुमानं मिळवली, तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम शंभरावा भाग भरतो. बाकीचं बहुतेक सगळं त्या क्वार्कांच्या हालचालीतून आणि त्यांना जखडणाऱ्या ग्लुऑन-क्षेत्रातून येतं, म्हणजे ऊर्जाच. ज्या भरीव द्रव्याची मी वकिली करत होतो, ते केंद्रकातही सापडत नाही. तेव्हा वक्त्यांची पोकळी नाकारताना माझा भरीवपणाही मला सोडावा लागतो. टेबल अडवतं ते नियमामुळे, वजन भरतं ते ऊर्जेमुळे.

माया मात्र मी म्हणणार नाही. हा नियम पाहणाऱ्यागणिक बदलत नाही, आणि ती ऊर्जा कुणाच्याही काट्यावर तेवढीच भरते.