निष्ठा, न्याय आणि उतरते वय

क्रिकेटच्या मैदानावर वय फार लवकर बोलू लागते. इतर व्यवसायांत पस्तिसावे वर्ष उमेदीचे मानले जाते. खेळाडूच्या आयुष्यात तोच संध्याकाळचा प्रहर असतो. अशा वेळी त्याच्यावर जीव लावलेल्या चाहत्यापुढे प्रश्न उभा राहतो : ज्याने वर्षानुवर्षे आनंद दिला, त्याची पाठराखण करीत राहणे ही निष्ठा, की त्याने आता थांबावे असे म्हणणे? प्रश्न खेळाचा दिसतो; परंतु तो निष्ठा, न्याय आणि कृतज्ञता यांच्या परस्परसंबंधाचा आहे. म्हणून इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात त्याचा विचार करणे उचित ठरेल.

सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध केवळ 1 धाव काढून ते बाद झाले, तेव्हा मुंबईच्या वानखेडे मैदानावर घरच्याच प्रेक्षकांतून त्यांची हुर्यो उडवली गेली. पुढे 16 नोव्हेंबर 2013 रोजी, 200 वी कसोटी संपवून ते निवृत्त झाले, तेव्हा तेच मैदान अश्रूंनी भिजले. जानेवारी 2011 नंतर त्यांना कसोटीत एकही शतक करता आले नव्हते. तरीही शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकासाठी देश वर्षभर ताटकळला. ते शतक 16 मार्च 2012 रोजी मीरपूर येथे झाले आणि त्याच सामन्यात भारत बांगलादेशकडून पराभूत झाला.

या प्रसंगांत प्रेमाचे दोन दोष दिसतात. हुर्यो उडवणाऱ्याचे प्रेम हा सौदा होता. धावा थांबल्या आणि प्रेमही आटले. दुसरा दोष याच्या उलट आहे. चाहत्यांनी सचिन यांना ‘क्रिकेटचा देव’ म्हटले. बहुतेक जण हे अलंकार म्हणूनच म्हणतात, हे खरे. पण शब्द मनाला वळण लावतात. ज्याला देव म्हटले, त्याला थकण्याची मुभा उरत नाही. त्याचे पिकणारे केस, मंदावणारी नजर, सगळेच नाकारावे लागते. पवित्र कुरआन सांगतो की, अल्लाहने माणसाला दुर्बलतेतून निर्माण केले, दुर्बलतेनंतर सामर्थ्य दिले आणि सामर्थ्यानंतर पुन्हा दुर्बलता व वार्धक्य दिले. तौहीदची शिकवण माणसाला माणूसच राहू देते. जो फक्त अल्लाहलाच अविनाशी मानतो, तो आपल्या आवडत्या माणसाचे म्हातारपण न घाबरता पाहू शकतो.

या संदर्भात सहीह बुखारीतील एक प्रसंग मननीय आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची ‘अज्बा’ नावाची सांडणी शर्यतीत कधी हरत नसे. एकदा एक ग्रामीण अरब तरुण उंटावर आला आणि तिच्या पुढे निघून गेला. मुस्लिमांना फार वाईट वाटले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या दुःखाला हसण्यावारी नेले नाही आणि त्या अरबाला दोषही दिला नाही. या जगात जे उंचावते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा नियम आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. म्हणजे आवडत्याच्या पराभवाचे दुःख होणे गैर नाही. पण त्या दुःखापोटी सत्य नाकारणे गैर आहे.

मग न्याय कोणता? संघातील जागा ही अमानत आहे. ती पूर्वपुण्याईचे इनाम नव्हे. बाहेर वाट पाहणाऱ्या एखाद्या होतकरू तरुणाचाही तिच्यावर हक्क असतो. त्याचा हक्क डावलून दाखवलेली निष्ठा हा अन्याय आहे. मात्र जागा जाणे म्हणजे मान जाणे नव्हे. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगितले जाते की, दारोदार मागणारा एक वृद्ध बिगरमुस्लिम त्यांना आढळला, तेव्हा त्यांनी बैतुलमालमधून त्याची व्यवस्था लावली. तारुण्यात ज्याच्याकडून घेतले, त्याला वार्धक्यात वाऱ्यावर सोडणे न्यायाचे नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी त्या वृद्धाला पुन्हा कामाला जुंपले नाही आणि विसरलेही नाही.

खऱ्या निष्ठेचा मार्ग हाच आहे. जागेचा निर्णय आजच्या पात्रतेवर व्हावा आणि आदराचा निर्णय कालच्या उपकारांवर. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण येथे लागू पडते. ज्याने दिले त्याचे ऋण मान्य करावे; पण ते फेडण्यासाठी दुसऱ्याचा हक्क खर्च करू नये.

वाचकहो, प्रसिद्ध खेळाडूंसाठी टाळ्या वाजवायला लाखो हात असतात. आपल्या निष्ठेची परीक्षा त्याहून जवळ होते. कारखान्यातून निवृत्त झालेले वडील, दृष्टी अधू झालेले मदरशातील उस्ताद, आवाज थकलेले मस्जिदीतील मुअज्जिन यांच्या नावावर शतके नाहीत. त्यांच्या जागी नवे लोक येणारच, यावेतही. प्रश्न इतकाच की, जागा रिकामी झाल्यावर त्यांच्या दारात आपली पावले वळतात का?