देणगी आणि देणे



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू ज्यांना धन्य म्हणतो त्यांची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. आत्म्याने दीन, शोक करणारे, सौम्य, दयाळू, शांती करणारे. या यादीत दयाळूंच्या आधी आणखी एका गटाचे नाव येते. ते म्हणजे न्यायाची, धार्मिकतेची भूक आणि तहान लागलेले लोक. दयेबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. या भुकेविषयी मात्र देवळात फारसे बोलले जात नाही. म्हणून आज दोन धर्मभगिनींच्या जीवनातून या भुकेचा अर्थ समजून घेऊ या.

सिस्टर राणी मरिया यांचा जन्म १९५४ साली केरळातील पुल्लुवळी गावी झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात व्रतस्थ झाल्यावर त्या उत्तर भारतात आल्या, आणि १९९२ पासून मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर येथे राहू लागल्या. तिथला आदिवासी आणि भूमिहीन मजूर सावकाराच्या कर्जात बुडालेला होता. अडचणीच्या दिवसांत उचल घ्यायची, ती फेडता फेडता पीक जायचे, श्रम जायचे, आणि मुद्दल तशीच राहायची. सिस्टरांनी त्यांना एकत्र बसवले, बचत शिकवली, बँकेच्या दारापर्यंत नेले, सरकारी योजना समजावून सांगितल्या. माणसे सावकाराच्या ओट्यावर जायची थांबली, आणि तिथेच काहींचे हितसंबंध दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर बसने इंदूरकडे निघाल्या होत्या. भाडोत्री मारेकऱ्याने त्यांच्यावर चाकूचे पन्नासहून अधिक वार केले. बस प्रवाशांनी भरलेली होती, पण कुणी मध्ये पडले नाही. त्या वेळी त्या ४१ वर्षांच्या होत्या.

दुसऱ्या सिस्टर डॉरोथी स्टँग. जन्म अमेरिकेतला, १९३१ सालचा. नोत्र दाम द नामूर या संघाच्या सदस्या म्हणून त्या १९६६ साली ब्राझीलला गेल्या आणि पुढे ॲमेझॉनच्या जंगलात, पारा राज्यातील अनापू येथे गरीब शेतकऱ्यांमध्ये राहिल्या. जंगल न तोडता छोट्या शेतीवर जगता यावे, आणि त्या जमिनीवरून बड्या जमीनदारांनी व लाकूडतोड करणाऱ्यांनी आपल्याला हुसकावू नये, एवढेच त्या शेतकऱ्यांचे मागणे होते. १२ फेब्रुवारी २००५ रोजी दोन बंदूकधाऱ्यांनी त्यांना चिखलाच्या वाटेवर गाठले. 'तुमच्याजवळ शस्त्र आहे का?' असे विचारताच ७३ वर्षांच्या सिस्टरांनी पिशवीतून बायबल काढले आणि हीच धन्यवचने वाचून दाखवली. त्यानंतर त्यांच्यावर सहा गोळ्या झाडण्यात आल्या.

आता कुणी विचारील, सिस्टरांनी प्रार्थना करावी, शाळा-दवाखाने चालवावेत. जमीन आणि कर्जाच्या भानगडीत त्यांनी का पडावे? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस न्यायाची व्याख्या फार सोप्या शब्दांत करतो. ज्याचे जे आहे ते त्याला सतत देत राहण्याची इच्छा म्हणजे न्याय. मी माझ्यातले तुला देतो ती देणगी. जे मुळात तुझेच आहे ते तुला देतो, ते देणे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात हेच बजावले आहे. न्यायाने जे द्यायचे आहे, ते दानधर्म म्हणून पुढे करू नये. आणि दुःखाचे परिणाम दूर करताना त्याची कारणेही दूर करावीत. लक्षात घ्या, हा आदेश धर्मगुरूंसाठी किंवा सिस्टरांसाठी लिहिलेला नाही. तो तुम्हा प्रापंचिकांसाठी आहे.

देणगी देणाऱ्याला लोक हार घालतात. देणे मागणाऱ्याचा मात्र राग येतो. सिस्टर राणी मरियांनी मजुरांना फक्त धान्य वाटले असते, तर सावकारानेही कदाचित एखादे पोते दिले असते.

बंधुभगिनींनो, आपण सावकार नाही आणि जमीनदारही नाही. आपल्यातले बरेचजण नोकरीधंदा करून कसेबसे घर चालवतात. तरीही एका ठिकाणी आपण मालक आहोत. सकाळी आपल्या घरी भांडी घासायला, लादी पुसायला बाई येते. तिच्यापुढे आपणच शेठ असतो.

सिस्टर जीन डेव्हॉस ही बेल्जियमची धर्मभगिनी भारतात आली आणि तिने १९८५ साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. मुंबई हे त्या चळवळीचे मोठे केंद्र झाले. घरकाम हे काम आहे आणि ते करणारी कामगार आहे, एवढेच तिचे म्हणणे होते. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार संमत केला. त्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीचा हक्क आहे.

हे काही नवीन नाही. अनुवादाच्या पुस्तकातील पाचवा अध्याय उघडून पाहा. शब्बाथाची आज्ञा देताना देव म्हणतो की, तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळाला पाहिजे. आपण इस्त्रीचे कपडे घालून रविवारच्या मिस्साला येतो, आणि त्याच वेळी ती आपल्या घरी कपडे धूत असते. मग तिसरी आज्ञा आपण पाळली की मोडली?

नाताळला आपण तिला साडी देतो. ही देणगी झाली, आणि ती जरूर द्या. पण ती आजारी पडली म्हणून चार दिवसांचे पैसे कापले, तर आपण तिचे देणे बुडवले. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. वर्षाच्या शेवटी दिलेली साडी तो आवाज झाकू शकत नाही.

सिस्टर राणी मरियांची गोष्ट बसमध्ये संपली नाही. २००२ साली त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि मारेकरी समंदर सिंग याच्या हाताला तिने राखी बांधली. पुढे त्याची सुटका झाली, तो केरळात गेला आणि सिस्टरांच्या आईवडिलांची त्याने क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टरांना 'धन्यवादित' म्हणून घोषित करण्यात आले. न्याय मागणाऱ्यांच्या मनात सूड असावाच लागतो असे नाही, हे त्या कुटुंबाने दाखवून दिले. न्यायाची भूक आणि क्षमा एकाच घरात नांदू शकतात, आणि अशा घरातूनच शांती जन्माला येते.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या रोझरीनंतर पाच मिनिटे एकत्र बसावे. आपल्याकडे काम करणाऱ्या व्यक्तीला आठवड्याची सुट्टी आहे का? आजारपणात तिचे पैसे कापले जातात का? शेवटची पगारवाढ कधी दिली? मुलांनाही या बोलण्यात घ्या. उत्तर मला सांगायची गरज नाही. ते तिला कळू द्या.

हे प्रभो, दयाळू होण्याआधी आम्हांला न्यायी कर. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची बुद्धी आणि धैर्य आम्हांला दे. आमेन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू