नको असलेले न मिळण्याचे दुःख

हवे ते मिळाले नाही म्हणजे दुःख होते. मिळालेले हातचे गेले म्हणजे दुःख होते. नको ते गळ्यात पडले म्हणजेही दुःख होते. ही तिन्ही दुःखे सर्वांच्या ओळखीची आहेत आणि कीर्तनांतून त्यांचा विचार पुष्कळ झालेला आहे. पण चौथे एक दुःख आहे. त्याचा उच्चार सहसा कोणी करीत नाही, कारण ते सांगायला मनुष्य लाजतो. जे आपल्याला मनापासून नकोच होते, ते न मिळाल्याचे हे दुःख होय.

हे ऐकून कोणी हसेल. नको होते, मिळाले नाही. मग तक्रार कोठे राहिली? उलट पेढे वाटावेत! युक्तिवाद बिनतोड आहे. पण अनुभव तसा नाही, आणि परमार्थात युक्तिवादापेक्षा अनुभवाला विचारावे लागते.

आपल्या वऱ्हाडातले रोजचे उदाहरण घ्या. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खेड्यातला एक मुलगा आहे असे धरा. घरी दहा-बारा एकर काळी जमीन. कपाशी, तूर, हरभरा. मुलाचे मन वावरात रमते. पण घरात लग्नाची बोलणी चालू आहेत आणि मुलीकडचे पाहुणे चहाचा कप खाली ठेवण्याआधी नोकरीचे विचारतात. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी द्यायला आज शेतकरीच कचरतो, ही गावोगावची स्थिती आहे. मग माय म्हणते, "अर्ज टाकून पाय ना बापू. लागली त लागली, नाई त वावर हायेच." मुलगा अर्ज भरतो. अमरावतीस जाऊन परीक्षा देतो, अकोल्यास जाऊन मुलाखत देतो. मनातून म्हणत असतो, न लागली तर बरे. यथावकाश यादी लागते. यादीत त्याचे नाव नसते.

आता त्याला हायसे वाटले पाहिजे. घटकाभर वाटतेही. पण रात्री अंथरुणाला पाठ लागली म्हणजे काहीतरी टोचू लागते. यादीतली नावे तो पुन्हा वाचतो. "तो लागला, आणि मी नाही?" मुलाखतीत न सुचलेली उत्तरे आता एकामागून एक सुचतात. ज्या खुर्चीवर बसायचे नव्हते, ती खुर्ची डोळ्यांपुढून हालत नाही. सज्जनहो, हे काय आहे? याचा विचार केला पाहिजे.

विचार केला असता पहिली गोष्ट दिसते ती ही की, मुलाला नोकरी नको होती हे खरे, पण 'नको' म्हणण्याचा मान त्याला हवा होता. "मला लागली होती, पण मीच गेलो नाही," हे वाक्य पारावर बसून सांगण्यात केवढी गोडी आहे! नोकरी पत्करणाऱ्यापेक्षा नोकरी सोडणारा गावात मोठा ठरतो. ते वाक्य बोलण्याआधीच समोरच्याने 'नको' म्हटले. तेव्हा गेली ती नोकरी नव्हे, गेला तो मान. अहंकार केवळ सिंहासनावर बसतो असे नाही. सिंहासन लाथाडण्याच्या तयारीत तो दाराशीही उभा असतो. ही त्याची जागा फार आडोशाची असल्यामुळे भल्याभल्यांना सापडत नाही.

दुसरी गोष्ट अशी. अकोल्याच्या बाजारात कोणी कापसाची गाडी नेली. विकायची नाही, सहज भाव विचारायला. व्यापाऱ्याने मूठभर कापूस उचलला, धागा ओढून पाहिला आणि म्हणाला, "माल हलका आहे." गाडीवाल्याला राग येतो की नाही? येतोच. अहो, विकायचाच नव्हता तर राग कशाचा? ज्या क्षणी भाव विचारला, त्याच क्षणी त्या व्यापाऱ्याला आपण पारखी मानून बसलो. अर्जाचे तसेच आहे. अर्ज करणे म्हणजे आपल्या हाताने आपल्याला दुसऱ्याच्या ताजव्यात घालणे. 'सहज घातले' म्हटल्याने काटा सहज हालत नाही. वास्तविक त्या ताजव्यात एका कामापुरते, एका दिवसापुरते माप होते. अख्खा मनुष्य त्यात मापला जात नाही. पण आपण काट्यावरचा आकडा घरी आणतो आणि तो जन्माचा आकडा आहे असे समजून झुरतो.

तिसरी गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती या दोहोंत मिसळू नये. मायने आशा धरली होती. ती मोडली याचेही वाईट वाटते. हे वाईट वाटणे अहंकाराचे नव्हे, मायेचे आहे. त्याला नावे ठेवू नयेत. दुःखाचे असे धागे सुटे करून पाहिले की निम्मे ओझे तेथेच उतरते.

या प्रश्नाचे एक मोठे आणि खरे उदाहरण इतिहासात आहे, आणि त्याचा अमरावतीशी संबंध आहे. योगी अरविंद घोष यांना वडिलांनी वयाच्या सातव्या वर्षी इंग्लंडला पाठविले. मुलाने आय. सी. एस. होऊन मोठा साहेब व्हावे, ही वडिलांची तीव्र इच्छा. 1890 साली मुलगा ती परीक्षा अकराव्या क्रमांकाने उतरला. दोन वर्षांची उमेदवारीही झाली. राहिली फक्त घोड्यावर बसण्याची परीक्षा. तिला त्यांना पुनःपुन्हा बोलावणे आले आणि ते पुनःपुन्हा गेले नाहीत. अखेर नोव्हेंबर 1892 मध्ये त्यांना नाकारण्यात आले. ग्रीक-लॅटिनमध्ये ज्याने उत्तम गुण मिळविले, तो घोड्यापाशी अडला!

पुढे अरविंदांनी स्वतःच सांगून टाकले की, त्या नोकरीची त्यांना ओढ नव्हती आणि सुटकेची वाट ते शोधीत होते. परंतु घरच्यांनी उघड नकार चालू दिला नसता, म्हणून आपण होऊन सोडण्याऐवजी नापास ठरण्याची वाट त्यांनी धरली. येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नाकारले गेल्यावर त्याच महिन्यात त्यांनी भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांना विनंतीपत्र लिहिले की, मला आणखी एक संधी द्यावी. हितचिंतकांनीही रदबदली केली. संधी मिळाली नाही.

जे नको होते त्यासाठीच अर्ज! याला दुटप्पीपणा म्हणून मोकळे व्हायला आपण कोण? वीस वर्षांचा मुलगा. परक्या मुलुखात, पैशाची ओढाताण, वडिलांची आशा डोक्यावर. मनुष्याचे मन एकाच वेळी दार ढकलते आणि त्याच दाराची कडीही धरून ठेवते, एवढेच यातून शिकायचे. एवढ्या बुद्धिमंताचे जर असे झाले, तर आपल्या खेड्यातल्या मुलाला रात्री झोप लागत नाही याचे नवल कशाला?

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. अरविंद 1893 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, तेथे मराठी शिकले. जानेवारी 1908 मध्ये विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याजवळ बसून मन निःशब्द करण्याचा अभ्यास त्यांनी केला, आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेस अमरावतीच्या राष्ट्रीय शाळेच्या पटांगणात 'वंदे मातरम्' या विषयावर त्यांचे भाषण झाले. ज्याला सरकारने साहेब म्हणून नाकारले, तो पंधरा वर्षांनी आपल्या वऱ्हाडात असा आला.

परंतु यावरून असा अर्थ काढू नये की, ज्याला ज्याला नकार मिळतो त्याचे पुढे थोर कल्याण होते. ही समजूत गोड आहे, पण खरी नाही. लाखोंना नकार मिळतो आणि त्यांतले बहुतेक पहिल्यासारखेच साधे आयुष्य काढतात. त्यात कमीपणा काही नाही. अरविंदांचे घेण्याजोगे आहे ते त्यांचे मोठेपण नव्हे. "मला ते नको होते, पण मी तसे उघड म्हणू शकलो नाही," हे त्यांनी झाकून ठेवले नाही, ते घेण्याजोगे आहे.

आता कोणी शंका घेईल: 'नको होते' म्हणणे ही पोट भरलेल्याची चैन आहे, गरिबाला असे म्हणता येते काय? शंका रास्त आहे. ज्याला पोटासाठी नोकरी हवी, त्याला ती खरोखरच हवी असते. काम आवडीचे नसेल, पण त्या कामामागची भाकर हवी असते. ती नाकारली गेली तर ते दुःख पहिल्या प्रकारचे, सरळ आणि खरे आहे. तेथे शेजाऱ्याने उपदेश करू नये, मदत करावी. संतांनी पोटाची थट्टा कधी केली नाही. सावतोबा मळ्यात राबले, गोरोबांनी माती तुडविली, सेना महाराजांनी धोकटी सांभाळली. आपला विचार चालला आहे तो, घरी भाकर असून केवळ लोकलाजेने अर्ज करणाऱ्याचा.

असा मनुष्य नकारानंतर दोन आडवाटांनी जातो. पहिली वाट रागाची. कौंडण्यपूर हे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, रुक्मिणीमातेचे माहेर. तेथे शिशुपाल नवरदेव होऊन आला आणि रिकाम्या हाताने परतला. त्याला रुक्मिणी हवी होती की भीमकाचा जावई म्हणून मिरवायचे होते, ते त्याचे त्याला ठाऊक. पण तो नकार त्याने जन्मभर उराशी धरला आणि धर्मराजाच्या राजसूय यज्ञात, भरसभेत, शिव्या होऊन तो बाहेर पडला. त्यातच त्याचा अंत झाला. नकाराने तो मेला नाही. नकार सोडता आला नाही म्हणून मेला.

दुसरी वाट अधिक फसवी, कारण तिच्यावर परमार्थाची पाटी लावलेली असते. "नोकरीत काय ठेवले आहे? देवाची इच्छा नव्हती. आपण माळकरी माणसे!" कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागली, एवढीच ही गोष्ट, फक्त कोल्ह्याने गळ्यात माळ घातली. कालपर्यंत यादीत नाव शोधणारा आज विरक्त झाला, असे वैराग्य पुढची जाहिरात निघेपर्यंतच टिकते. देवाची इच्छा म्हणायचीच असेल तर यादीत नाव आले असतानाही म्हणता आली पाहिजे.

या दोन्ही वाटा टाळून कसे उभे राहावे, हे चोखोबांकडे पाहून कळते. वऱ्हाडातल्या देऊळगाव राजाजवळचे मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव, असे परंपरा मानते. त्यांना पंढरीचे दार हवे होते. आपल्यासारखे अर्धवट नव्हे, सर्व जिवाने. ते दार त्यांना माणसांनी नाकारले. हा नकार अन्यायाचा होता. तो दूर व्हायला साने गुरुजींचे 1947 चे उपोषण व्हावे लागले, इतकी शतके गेली. पण चोखोबांनी काय केले ते पाहा. "मला दर्शन नकोच होते," असे ते म्हणाले नाहीत. विठ्ठलावर रुसून भक्तीही सोडली नाही. हवे होते ते हवे आहे असेच ते म्हणत राहिले, अन्यायाला अन्याय म्हणत राहिले आणि दाराबाहेर प्रेमाने उभे राहिले. आज महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे आणि दर्शनाला जाणारा तेथे वाकून मगच पुढे जातो. ज्याला हवे असलेले दार नाकारले गेले त्याचे मन इतके निर्मळ राहिले; आणि नको असलेल्या दाराच्या नकाराने आपण आठ-आठ दिवस कोणाशी बोलत नाही! या तुलनेने लाज वाटावी म्हणून हे लिहिलेले नाही. आपले दुःख केवढे आहे, ते मापात दिसावे म्हणून लिहिले आहे.

मग प्रत्यक्षात करावे काय? अर्ज करण्यापूर्वी एकदा देवापुढे बसून स्वतःला विचारावे, "हे मिळाले तर मी आनंदाने करीन काय?" उत्तर 'नाही' असेल तर घरी तसे सांगण्याचे धैर्य करावे. मायला वाईट वाटेल, पण खोट्या आशेवर वर्षभर झुलविण्यापेक्षा ते बरे. आणि लेकी देणाऱ्या घरांनीही थोडा विचार करावा. आपल्या जावयाने आपण करतो ते काम करू नये, असे शेतकऱ्यानेच म्हटल्यावर पोरांनी वावराकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे?

अर्ज होऊन गेला असेल आणि नकार आला असेल, तर त्या टोचणीला हाकलून देऊ नये. ती जवळ बसवून विचारावी, "तुला काय हवे होते?" ती खरे सांगते. शेवटी, त्या यादीत ज्याचे नाव आले त्याचा विचार करावा. कदाचित त्याच्या घरी वावर नसेल. कदाचित बापाच्या औषधाचा खर्च त्या पगारावर चालणार असेल. जे आपल्याला नको होते, ते ज्याला हवे होते त्याच्याकडे गेले. त्याच्याबद्दल मनापासून "बरे झाले" असे ज्या दिवशी म्हणता येईल, त्या दिवशी ती खुर्ची डोळ्यांपुढून हालेल.

आषाढीला कपाशीची लावण आटोपून वऱ्हाडातला माणूस पंढरीची वाट धरतो. त्या वाटेवर नोकरीवाला आणि वावरवाला एकाच दिंडीत चालतात, एकमेकांच्या पाया पडतात, आणि यादीत कोणाचे नाव होते हे कोणी विचारीत नाही. ती सवय वारीपुरती न ठेवता घरीही आणावी, एवढीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

॥ राम कृष्ण हरि ॥