आठावर थांबलेली कुस्ती

कात्रजच्या बाजूला एका शालेय स्पर्धेत पाहिलेली कुस्ती माझ्या मनातून जात नाही. एक पोरगा तालमीतला, कान नुकते मोडायला लागलेले, मान भरलेली. दुसरा सरांनी वजनगट रिकामा राहू नये म्हणून उतरवलेला. त्याच्या पायात कुस्तीचे बूट नव्हते, पळायचे होते. शिट्टी झाली आणि तालमीतल्या पोराने एकेरी पट काढून ताबा घेतला. मग लागोपाठ तीन भारंदाज. आठ-शून्य. अजून एक मारला असता की कुस्ती संपली असती. पण त्याने पकड सोडली, उठून उभा राहिला आणि मित्रांकडे बघून हसला. पुढचं मिनिटभर त्याने गुण घेतलाच नाही. हात झटकायचा, मानेवर थाप मारायची, पटाला हात घालून पुन्हा सोडून द्यायचा. बघणारे हसत होते. समोरचा पोरगा दर वेळी उठून परत पवित्रा घेत होता.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर गुणांचा डोंगर रचावा का, असा प्रश्न निघाला की आपण चटकन म्हणतो, थोडं सबुरीनं घ्यावं. कुस्तीत मला हे पटत नाही. फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली, ग्रीको-रोमनमध्ये 8 गुणांची, की पंच कुस्ती थांबवतात. तांत्रिक गुणाधिक्याचा हा नियम जिंकणाऱ्याइतकाच हरणाऱ्याच्याही कामाचा आहे. त्याची सुटका होते. म्हणून भराभर दहा गुण घेणं हा माज नव्हे. आठावर थांबून खेळवत ठेवणं हा माज. चितपट होत असताना खांदे मुद्दाम उचलू द्यायचे आणि आणखी दोन गुण उपटायचे, हाही त्यातलाच प्रकार.

क्रिकेटमध्ये अशी कड नाही. जानेवारी 2016 मध्ये कल्याणला शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. संघाने 3 बाद 1465 वर डाव सोडला. समोरची शाळा 31 आणि 52 धावांत आटोपली. प्रणवला मी बोल लावणार नाही, पोराच्या हातात बॅट होती आणि चेंडू येत होते. पण डाव कधी सोडायचा हे ठरवू शकणारी मोठी माणसं मैदानाबाहेर होती. दिवसभर सीमारेषेकडे पळणाऱ्या त्या दुसऱ्या पोरांना त्यांच्यातल्या कुणी पाहिलं असेल का, हा विचार मला आजही छळतो.

मातीतल्या कुस्तीत गुणांचा हिशेबच नसे. पाठ लागली की कुस्ती झाली. तिथे खरी जबाबदारी असायची जोड लावणाऱ्यावर. जत्रेच्या फडात पंच दोन पोरांना शेजारी उभं करत, दंड-मांड्या चाचपत, कोण कुठल्या तालमीत किती दिवस घुमतोय ते विचारत, आणि मगच जोड ठरे. विजोड कुस्ती लावली तर लोक पैलवानाला नव्हे, पंचांना बोल लावत. शालेय स्पर्धेत हे काम आपण वजनकाट्यावर सोपवलं आहे. काटा किलो मोजतो. चार वर्षं पहाटे उठून केलेले जोर त्याला दिसत नाहीत. दोघंही पंचेचाळीस किलोचे, म्हणजे जोड झाली! पोरांच्या वागण्याबद्दल बोलण्याआधी आपण मोठ्यांनी एवढं तरी कबूल करावं.

कात्रजलाच काका पवारांची तालीम आहे. 7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, तेव्हा हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघंही याच तालमीतले होते. एक नाशिकचा, एक लातूरचा. रोज एकमेकांशी जोर करणारे. हर्षवर्धनने 3-2 अशी बाजी मारली आणि मग हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. ते पाहताना माझा गळा दाटून आला होता. कुस्ती चालू असताना मात्र त्याने मित्राला एका गुणाची सूट दिली नव्हती. दिली असती तर तो शैलेशचा अपमान झाला असता.

त्या शालेय कुस्तीत शेवटी कोपऱ्यातून वस्ताद गरजले, "आरं, संपव की!" पोराने पट काढला, दोन गुण घेतले, पंचांनी हात वर केला. हरलेला पोरगा हात मिळवायला पुढे आला, तोवर हा मित्रांकडे धावलासुद्धा. वस्तादांनी त्याला मॅटच्या कडेलाच अडवलं, मानगुटीला धरून वळवलं आणि परत आत पाठवलं. पळायचे बूट घातलेला तो पोरगा अजून तिथेच उभा होता, हात पुढे करून.