सही करणारा आणि सोसणारा

विम्याच्या कागदावर सही एक जण करतो आणि अपघातानंतर त्या कागदाची गरज बहुतेक वेळा दुसऱ्यालाच पडते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने गाडीच्या विम्याचे नियम बदलल्यापासून तिथल्या मराठी घरांमध्ये प्रीमियम किती वाचेल याची चर्चा ऐकू येते. कोणाचं काय जाईल, हे फारसं कोणी विचारत नाही.

बदल थोडक्यात असा. 1 जुलै 2026 पासून औषधोपचार, पुनर्वसन आणि अंघोळ-जेवण-उठबस यांसाठी लागणाऱ्या मदतनिसाचा खर्च, एवढेच अपघात-लाभ सक्तीचे उरले. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई, न कमावणाऱ्याचा भत्ता, लेकरं-म्हातारे सांभाळणाराच अंथरुणाला खिळला तर त्याच्या जागी माणूस ठेवण्याचा खर्च, घरकामाचा खर्च, मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी रक्कम, अंत्यसंस्काराचा खर्च हे सगळं ऐच्छिक झालं. हवं असेल तर घ्या, त्याचे पैसे भरा.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. ब्रॅम्प्टनसारख्या शहरात गाडीचा विमा घरखर्चाचं कंबरडं मोडतो, हे तिथे राहणारा कोणीही सांगेल. ज्याला नोकरीतून दीर्घ आजारपणाचं चांगलं संरक्षण आहे, त्याला गाडीच्या विम्यातली उत्पन्न-भरपाई फारशी उपयोगी पडत नाही, कारण नोकरीतून मिळणारी रक्कम तिच्यातून वजा होते. अशा माणसाने तो लाभ सोडला तर मी त्याला अडवणार नाही. फक्त नोकरी गेली की ते संरक्षणही जातं, हे त्याने लक्षात ठेवावं.

माझा आक्षेप मूळ व्यवहाराबद्दल आहे. चूक कोणाचीही असो, जखमीला विमा कंपनीकडून ठरलेले लाभ मिळावेत, ही व्यवस्था ओंटारिओत 1990 मध्ये व्यापक झाली. पुढे 1994 मध्ये न्यू डेमोक्रॅट सरकारने आणि 1996 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने तिची घडी बदलली. पण मूळ देवाणघेवाण तीच राहिली: नागरिकांनी दुसऱ्या चालकावर दावा लावण्याचा हक्क बराचसा सोडायचा, बदल्यात लाभांची हमी घ्यायची. आजही वेदना आणि यातनांची भरपाई मागायची तर इजा गंभीर आणि कायमची असावी लागते. शिवाय मंजूर रकमेतून, ती खूप मोठी नसेल तर, 46 हजार डॉलरहून अधिक कापले जातात. आता हमीतला मोठा हिस्सा काढून घेतला, पण सोडलेला हक्क काही परत दिला नाही. व्यवहाराची एकच बाजू मोडायची आणि त्याला निवडस्वातंत्र्य म्हणायचं, हे मला पटत नाही.

हे एका दिवसात झालेलं नाही. सप्टेंबर 2010 मध्ये साध्या इजांसाठी 3,500 डॉलरची मर्यादा आली, आणि अतिगंभीर इजा सोडल्यास सांभाळाचा व घरकामाचा खर्च ऐच्छिक झाला. जून 2016 मध्ये अतिगंभीर नसलेल्या इजांसाठी उपचार आणि मदतनीस मिळून 65 हजार डॉलरची एकच मर्यादा ठरली. अतिगंभीर इजांना पूर्वी दोन्हींसाठी दहा-दहा लाख होते, तिथे एकत्र दहा लाख झाले. उत्पन्न-भरपाईची मूळ कमाल तर आठवड्याला 400 डॉलर, 1996 पासून तेवढीच. ऑक्टोबर 2025 पासून तिथलं किमान वेतन ताशी 17.60 डॉलर आहे. आठवड्याला 40 तासांचे 704 डॉलर होतात आणि त्याचे सत्तर टक्के सुमारे 493. म्हणजे गोदामात किमान वेतनावर खपणाऱ्यालाही 400 पुरत नाहीत. ज्याच्या घरी एकाच पगारावर कर्जाचा हप्ता चालतो त्याने हा लाभ नुसता ठेवू नये, 600, 800 किंवा 1,000 च्या पायरीवर न्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खरी काळजी पगार नसलेल्यांची वाटते. न कमावणाऱ्याचा भत्ता आठवड्याला अवघा 185 डॉलर, तोही पहिले चार आठवडे नाही आणि फार तर दोन वर्षं. तरी निवृत्त आजोबा, शिकणारी मुलगी, घर सांभाळणारी बाई यांच्या नावाने कायद्याने राखून ठेवलेली ती एक रक्कम होती. घरकामाचे आठवड्याला 100 डॉलरपर्यंत आणि पहिल्या अवलंबितासाठी सांभाळाचे 250 हे अतिगंभीर इजेत तरी आपोआप मिळत; आता तेही मागून घ्यायचे. मागणार कोण? पॉलिसी बहुधा नवऱ्याच्या नावावर. ब्रोकरचा फोन तो उचलतो, आकडे तो ऐकतो, आणि बायकोच्या श्रमाची किंमत त्या संभाषणात येतच नाही, कारण घरातही ती कधी मोजलेली नसते.

या बाबतीत भारतातल्या न्यायालयांनी बरंच पुढचं पाऊल टाकलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावणाऱ्या पत्नीचं उत्पन्न पतीच्या एक तृतीयांश धरलं जाई. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दृष्टिकोनावर कडक टीका केली. दिल्लीत मोटारसायकलवरून जाताना एक जोडपं अपघातात गेलं. त्यांच्या मुली आणि मुलींचे वृद्ध आजोबा यांच्या दाव्यात जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाने गृहिणीचंही उत्पन्न धरायलाच हवं असं बजावलं. निकालात 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे आहेत: बिनपगारी घरकामात बाईची दिवसाची सरासरी 299 मिनिटं, पुरुषाची 97. भारतीय न्यायालय मृत्यूनंतर का होईना त्या मिनिटांचे पैसे करतं. ओंटारिओत आता ते नवऱ्याला वेळेवर सुचण्यावर अवलंबून राहील.

नातवंडं सांभाळायला सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांचाही प्रश्न आहे. ऐच्छिक लाभ पॉलिसीधारक, त्याचा जोडीदार, त्यांच्यावर अवलंबून असणारे आणि पॉलिसीत नोंदलेले चालक एवढ्यांनाच मिळतात. आईवडील पैशासाठी किंवा सांभाळासाठी मुख्यतः आपल्यावर अवलंबून आहेत, हे दाखवता आलं तरच ते त्यात बसतात. ब्रोकरला हे स्पष्ट विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. तळघरात भाड्याने राहणारा पुण्याचा विद्यार्थी तुमच्या गाडीत बसला असेल तर तुम्ही सगळे लाभ विकत घेतले तरी त्याला त्यातलं काही नाही. त्याला उपचार मिळतील, पण बुडालेली मजुरी मिळणार नाही.

आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचं काय? पूर्वी रस्ता ओलांडताना धक्का बसलेल्या माणसाला, त्याची स्वतःची पॉलिसी नसली तरी, धक्का देणाऱ्या गाडीच्या विम्यातून उत्पन्न-भरपाई मागता येई. नव्या नियमात त्याच्या वाट्याला फक्त सक्तीचे लाभ उरतात. बसने कामाला जाणारी बाई, सायकलवरून डबे पोचवणारा मुलगा यांना हा लाभ गाडीच्या पॉलिसीतून विकत घ्यायची सोयही नाही. ऐच्छिक हा शब्द त्यांच्या बाबतीत खोटा आहे. गाडी चालवून इतरांना धोक्यात घालणारा निवड करणार, आणि पायी चालणारा तिचे परिणाम भोगणार. या सगळ्या बदलातला हा भाग मला सर्वांत अन्यायाचा वाटतो.

हे लाभ विधिमंडळाच्या कायद्यात नव्हे, मंत्रिमंडळाने काढलेल्या नियमावलीत लिहिलेले आहेत. त्यामुळे पायी चालणारे आणि पॉलिसी नसलेले प्रवासी यांच्यासाठी उत्पन्न-भरपाई आणि न कमावणाऱ्याचा भत्ता पुन्हा सक्तीचा करायला नवं विधेयक लागत नाही, नियमावलीतली दुरुस्ती पुरते. टोरांटोच्या मराठी भाषिक मंडळासारख्या संस्थांनी आपापल्या भागातल्या प्रांतिक आमदारांकडे ती मागावी. तोवर रिन्यूअलचा कागद आला की तो घरातल्या सगळ्यांसमोर वाचावा, आणि कोणता लाभ सोडायचा हे ज्याचा तो लाभ आहे त्याला विचारूनच ठरवावं.