दोन रात्रींची सुट्टी

"चला, दोन दिवस कोठे तरी जाऊन येऊ," असे घरात कोणी म्हटले की सर्वांचे चेहरे उजळतात, आणि लगेच त्यामागोमाग एखादे कारण शोधण्याची धडपड सुरू होते. आईला डॉक्टरांनी हवापालट सांगितला आहे. मुलांना इतिहास प्रत्यक्ष पाहायला मिळेल. त्या बाजूला एक जुने स्नेही राहतात, त्यांची भेट होईल. नुसते "मजा करायला चाललो आहोत" असे सांगताना मात्र आपली जीभ अडखळते. असे का व्हावे? आनंदासाठी जाणे हे कारण म्हणून पुरेसे नाही काय? हा प्रश्न मला पडला तो २०१८ साली. त्याचे उत्तरही मी तेव्हाच काढले होते. परंतु ते अपुरे होते हे समजायला परतीचा प्रवास करावा लागला.

त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही बडोद्याहून दीवला जाण्याचे ठरवले. मी, सौ., माझी आई, मेहुणा व त्याची पत्नी, आणि दोन्ही घरची मिळून चार मुले. शुक्रवारी पहाटे निघायचे, रविवारी दुपारी परत फिरायचे. आदल्या रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांनी मला दारातच गाठले.

"काय गुरुजी, दीवला निघालात म्हणे?"

"होय, दादा."

"तेथे काय आहे?"

गुजरातेत हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. १९६० साली हे राज्य झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, आणि दीव हे गुजरातच्या किनाऱ्याला खेटून असले तरी गुजरातेत नाही. त्यामुळे "दीवला जातो" म्हटले की ऐकणारा जरासा थांबतो आणि बोलणाऱ्याकडे नीट पाहतो. मी घाईने म्हणालो, "पोर्तुगीजांच्या वेळची ख्रिस्तमंदिरे आहेत. मुलांना दाखवावी म्हणतो." त्यांचे समाधान झाले. माझे झाले नाही. मी बोललो त्यात एक अक्षरही खोटे नव्हते, तरी ते सगळे मिळून खोटेच होते. मला समुद्रात डुंबायचे होते, वाळूत बसून शेंगा खायच्या होत्या, आणि दोन दिवस वह्या तपासायच्या नव्हत्या. एवढेच. जी गोष्ट आपण लपवतो ती एक तर वाईट असते, नाही तर आपण तिला उगाच वाईट मानलेले असते. घरी चालत येताना मी ठरवले की हे दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि तेथेच माझे उत्तर मला सापडले असे वाटले.

दीव खरोखर मनाजोगे ठिकाण आहे. सुमारे अकरा किलोमीटर लांबीचे हे चिंचोळे बेट. पूर्वेच्या टोकाला तटबंदीचे शहर व किल्ला, पश्चिमेच्या टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचे गाव, आणि मध्ये नागोआचा चंद्रकोरीसारखा किनारा. तेथे होका नावाचा ताड आहे. ताड म्हटला की सरळसोट एकच खोड आपल्या डोळ्यांपुढे येते, पण या ताडाला फांद्या फुटतात. आमच्या धाकट्याला तेवढ्या एका झाडासाठी ती सहल आठवते. गोव्यातील वाचकांना दीव परके वाटायचे नाही. १९६१ च्या डिसेंबरात दोन्ही एकदमच मुक्त झाली आणि १९८७ पर्यंत दीवचा कारभार गोव्याबरोबरच चाले.

ख्रिस्तमंदिरेही पाहिली, कारण बोललो होतो ना! १६१० साली पुरे झालेले सेंट पॉलचे मंदिर आजही उपासनेत आहे. सेंट थॉमसच्या मंदिरात आता वस्तुसंग्रहालय आहे, आणि सेंट फ्रान्सिसच्या मंदिराचे रुग्णालय झाले आहे. ते पाहून मला थोडे वाईट वाटले. सौ. म्हणाली, "वाईट काय त्यात? गोदाम झाले असते तर वाईट." यावर मला बोलता आले नाही.

सहलीचा बेत करणे हा सहलीचा अर्धा आनंद असतो. माझ्याजवळ एक निळी वही आहे, तीत मी तीन आठवडे बेत मांडत होतो. वटामण, भावनगर, तळाजा, महुवा, राजुला, ऊना: कोठे चहा, कोठे जेवण. शनिवारी सकाळी सहाला घोघला, नऊला किल्ला, अकराला नायडाच्या गुहा. आईने वही चाळली आणि विचारले, "ही सुट्टी आहे की परीक्षेचे वेळापत्रक?" पहिल्याच संध्याकाळी मुले नागोआच्या पाण्यातून बाहेर यायला तयार होईनात आणि वेळापत्रक बुडाले. बुडाले ते बरेच झाले. मात्र त्या वहीतील खर्चाचे पान शाबूत राहिले. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

आता त्या जुन्या प्रश्नाकडे वळू. ॲरिस्टॉटलने खेळ आणि निवांतपणा यांत भेद केला आहे. खेळ हा त्याच्या मते औषधासारखा. थकवा जाऊन पुन्हा कामाला लागता यावे म्हणून तो घ्यायचा. निवांतपणाचे मात्र उलट. त्याच्यासाठी आपण काम करतो. ग्रीकांच्या भाषेत निवांतपणाला जो शब्द होता त्यातूनच पुढे शाळेला 'स्कूल' हे नाव आले, हे मुलांना सांगितले की वर्ग हसतो. आपण बहुतेक सर्व जण सुट्टीला औषध मानतो. "ताजेतवाने होऊन येऊ, म्हणजे कामाला जोर येईल." हेही एक कारणच झाले! जणू बैलाला सावलीत बांधायचे ते उद्याच्या नांगरटीसाठी. मला वाटते, माणसाचा विसावा एवढ्यावर उभा नाही. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना मचव्यात बसवून एकांती नेले, ही हकिकत मार्काच्या शुभवर्तमानात आहे. लोक किनाऱ्याकिनाऱ्याने धावत त्यांच्याआधी तेथे पोहोचले आणि तो विसावा मोडला, हा भाग निराळा. पण थकलेल्यांनी विसावा घ्यावा, यासाठी त्याने दुसरे निमित्त शोधले नव्हते.

जगात इतके दुःख असताना समुद्रावर हसावे कसे, हा आक्षेपही मी ऐकला आहे, आणि दीवला तो डोळ्यांसमोर उभा राहतो. चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर खुकरी या युद्धनौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने ती दीवच्या समुद्रात बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे आणि पलीकडे तोच समुद्र. शनिवारी दुपारी आई तेथे बराच वेळ बसून राहिली. खाली मुलांचा गलका चालला होता, मी त्यांना गप्प करायला निघालो, तर ती म्हणाली, "असू दे." त्या दोन शब्दांपलीकडे मला या आक्षेपाचे उत्तर देता येत नाही. दुःख सरेपर्यंत थांबायचे म्हटले तर कोणाचेच पाय कधी पाण्याला लागायचे नाहीत.

येथपर्यंत माझे विचार ठीक चालले होते. रविवारी सकाळी खोलीतच आम्ही एकत्र उपासना केली, आईने प्रार्थना केली, आणि जेवून निघालो. महुवा मागे पडल्यावर, उन्हे कलताना, जीप हळूहळू डावीकडे सरकू लागली. चाके डांबरावरून खाली उतरली, खडी उडाली. मेहुण्याची पत्नी ओरडली, तसा ड्रायव्हरने गचका देऊन गाडी वर घेतली आणि थोडे पुढे जाऊन थांबवली. कोणाला काही झाले नाही. तो खाली उतरला, बाटलीभर पाणी डोक्यावर ओतले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "माफ करजो साहेब, बे रातथी ऊंघ बराबर नथी थई." दोन रात्री त्याला धड झोप नव्हती. तो झोपला होता कोठे? गाडीत. डासांमुळे काचा बंद, आणि काचा बंद म्हणून उकाडा. दोन्ही रात्री मी त्याला आठवणीने विचारले होते, "जेवलात ना?" आणि आपण किती चौकशी करतो याचे मला मनातल्या मनात बरेही वाटले होते. "कोठे झोपता?" हे विचारले नव्हते.

मी वही काढली. खर्चाच्या पानावर माझ्याच सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ड्रायव्हर, जेवण व चहा. खोल्या कोणत्या घ्यायच्या, मुलांच्या आइसक्रीमला किती, शेंगांना किती, सारे होते. त्याच्या अंथरुणाची ओळ नव्हती. ती विसरली असे म्हणणे सोपे आहे. पण मी जमाखर्चात विसरणारा मनुष्य नव्हे. ड्रायव्हर गाडीत झोपतात, हे मी धरूनच चाललो होतो.

ती वही हातात असताना आणखीही काही दिसू लागले. सौ. गुरुवारी रात्री एक वाजेपर्यंत ठेपले आणि सुखडी करत होती, आणि शुक्रवारी चारला सर्वांच्या आधी उठली होती. सुट्टी तिने मागितली होती आणि घेतली मी.

विसाव्याच्या दिवसाची आज्ञा शास्त्रात दोनदा येते, आणि दोन्ही ठिकाणी कारण निराळे आहे. निर्गमात कारण उत्पत्तीचे: देवाने सहा दिवसांत सर्व केले व सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण मिसर देशाचे: तुम्ही स्वतः तेथे दास होता, हे आठवा, म्हणून तुमच्या दासदासींनीही तुमच्यासारखाच विसावा घ्यावा. ही आज्ञा मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो. रविवारी प्रवास करावा की नाही यावर वादही घातले. पण तिच्यात मालकाच्या विसाव्याइतकाच नोकराचा विसावा सांगितला आहे, हे महुव्याजवळच्या त्या रस्त्यावर मला प्रथमच नीट ऐकू आले.

कोणी म्हणेल, त्याला पैसे दिले होते की! दिले होते, आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्तच. पण भाड्याने आपण त्याचे दिवसभराचे काम घेतो. त्याची झोप त्या सौद्यात कोठून आली? दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आपल्यासाठी राबणाऱ्या प्रत्येकाने आपल्याबरोबरच विसावा घ्यायचा म्हटले, तर हॉटेलात रविवारी भात कोण शिजवणार? टेबल पुसणारा तो पंधरासोळा वर्षांचा मुलगा कधी डुंबतो? दीवसारख्या गावात एकाची सुट्टी हीच दुसऱ्याची रोजी असते, आणि आपण न गेलो तर त्याची चूल बंद. याचे पुरे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढे मात्र दिसते की सगळ्यांची व्यवस्था माझ्या हातात नसली तरी माझ्या वहीतील ओळी माझ्याच हातात होत्या.

२०२० च्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा दीवला गेलो. या वेळी दोनाऐवजी तीन रात्री, म्हणजे एक अख्खा दिवस गाडी जागची हलायची नाही. खर्च बसेना, म्हणून खोल्या साध्या घेतल्या. ठेपले बाजारातून आणले. आईला ते पसंत पडले नाहीत, तिने तसे वाटेत चार वेळा सांगितले. वहीत पहिली ओळ ड्रायव्हरच्या खोलीची होती. मंडळीतील त्या दादांनी पुन्हा दारात विचारले, "परत दीव? आता काय राहिले पाहायचे?" मी म्हणालो, "काही नाही दादा, मजा करायला चाललो आहोत." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रविवारची उपासना चुकवू नका," आणि काठी टेकीत निघून गेले.

ड्रायव्हर तोच होता. निघण्याच्या दोन दिवस आधी तो घरी आला आणि चपलांशी उभा राहूनच म्हणाला, "साहेब, खोली मला एकट्यालाच आहे ना? माझा मुलगा चौथीत आहे. त्याने दरियो पाहिलेला नाही. आणू का?" जीपमध्ये जागा नव्हती. मेहुणा म्हणाला, सवय लागेल. सौ. म्हणाली, "लागू दे." शेवटी सामानाची एक पेटी टपावर गेली आणि मुलगा आईच्या शेजारी बसला. तळाजा येईपर्यंत तो दोनदा ओकला. आईने त्याला आवळासुपारी दिली, आणि ऊना गेल्यावर खिडकीची जागाही दिली.