दारापुढचा रस्ता

शिकागोला असलेल्या आमच्या भाच्याचा एकदा जानेवारीत फोन आला, तेव्हा तो धापा टाकीत होता. आम्ही घाबरलो. तो हसून म्हणाला, बर्फ काढतोय. रात्रभर बर्फ पडला होता आणि घरापुढच्या पायवाटेवरून तो सकाळी दहाच्या आत हटवायचा होता. त्या शहराचा नियमच तसा आहे. दिवसा, म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात पडलेला बर्फ रात्री दहापर्यंत काढायचा, रात्रीतून पडलेला दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत. नाही काढला तर दंड. पायवाट त्याच्या मालकीची नाही, तिच्यावरून कोणीही जातो. तरी ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी ज्याचे घर त्याची. भाचा म्हणाला, "मामू, रस्ता सरकार का, बर्फ अल्लाह का, और कमर मेरी!"

आम्ही हसलो खरे, पण त्याचे वाक्य मनातून गेले नाही.

जालन्यात बर्फ पडत नाही. ११ फेब्रुवारी २०१८ च्या सकाळी गारपिटीने जिल्ह्यातले जालना, जाफराबाद, मंठा या भागांतले शिवार पांढरे करून टाकले, तेवढीच आमची बर्फाची ओळख. त्या दिवशी उभा गहू-हरभरा झोपला, माणसे दगावली. गारा मात्र कुणाला काढाव्या लागल्या नाहीत, उन्हाने त्या वितळून गेल्या. आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीत जे साचते ते उन्हाने वितळत नाही. कोपऱ्यावर कॅरीबॅगांचा ढीग, नालीतून काढून नालीच्याच काठावर ठेवलेला गाळ, कुणाच्या तरी बांधकामाची वाळू आणि गिट्टी, आडव्या लावलेल्या गाड्या, आणि दोन्ही बाजूंनी दर दहा वर्षांनी वीतभर पुढे सरकणारे ओटे. हे कुणी काढायचे? आणि ज्याने काढले त्याने उपकार केला की कर्तव्य केले?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते. इमानच्या साठ-सत्तरहून अधिक शाखा आहेत, सर्वांत वरची अल्लाहच्या एकत्वाची ग्वाही आणि सर्वांत खालची रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणे, ही हदीस लहानपणी मदरशात ऐकली नाही असा माणूस आपल्यात सापडणार नाही. वाटेवरची काटेरी फांदी बाजूला केली एवढ्यावर एका माणसाला अल्लाहने माफ केले, हेही आपल्याला पाठ आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका भिंतीवर हिरव्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की सफाई म्हणजे अर्धे इमान. कचऱ्याचा सर्वांत मोठा ढीग नेमका त्याच भिंतीखाली असतो. परक्या माणसाने हे दाखवले की आपल्याला राग येतो. पण आपण आपसातच बोलत आहोत, तेव्हा बोलायला हरकत नसावी.

या हदीसीकडे आम्ही अनेक वर्षे पाहिले, ते सवाबाच्या बाजूने. फांदी उचलली की पुण्य पदरात. पण ती फांदी वाटेवर कशी आली, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. भाच्याच्या फोनने तो आणला. बर्फ आकाशातून पडतो. तो पडला यात कुणाचा दोष नाही, म्हणून तो काढणाऱ्याचे कौतुक शोभते. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे तिथल्या न्यायालयांनी यात एक फरक केला आहे. आपोआप साचलेल्या बर्फावरून कुणी घसरून पडला तर सहसा घरमालकाला जबाबदार धरत नाहीत, पण माणसाच्या करणीने, म्हणजे छपराचे पाणी चुकीच्या जागी सोडल्यामुळे वगैरे, जो बर्फ साचला त्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर येते. आमच्या गल्लीतली वाळू आकाशातून पडलेली नाही. ओटा जमिनीतून उगवलेला नाही. तो आपणच ठेवला आहे. आपणच ठेवलेली वस्तू आपणच उचलली तर तो सदका कसा? ते तर कर्ज फेडणे झाले, आणि कर्ज फेडणाऱ्याने सवाबाची पावती मागू नये.

पैगंबरसाहेबांनी (स.) सहाबांना रस्त्यावर बसू नका असे सांगितले. ते म्हणाले, आमच्या बैठकी तिथेच असतात, आम्हाला दुसरी जागा नाही. तेव्हा उत्तर मिळाले की मग रस्त्याला त्याचा हक द्या. नजर खाली ठेवणे, सलामला उत्तर देणे, चांगल्याचा आग्रह आणि वाइटाला मनाई, आणि या सगळ्यांत एक गोष्ट : कुणाला त्रास न देणे. यातला हक हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. माणसाचा माणसावर हक असतो, शेजाऱ्याचा असतो, जनावराचाही असतो. इथे तो रस्त्याला दिला आहे. म्हणजे त्रास दूर करणे ही देणगी असेल, पण त्रास न देणे हे देणे आहे. दोन्ही गोष्टी आपण एकाच खात्यावर लिहितो, तिथे घोटाळा होतो.

आमच्या गल्लीत या दोन खात्यांतला फरक कळलेली एक व्यक्ती होती. आम्ही त्यांना खाला म्हणत असू, सगळी गल्लीच म्हणत असे. फजरच्या अजानच्या आधी खराट्याचा आवाज सुरू व्हायचा. स्वतःच्या दारापुढचे झाडून झाले की त्या डावीकडच्या दारापुढे जात, मग उजवीकडच्या, मग हळूहळू वळणापर्यंत. कचरा सुपात भरून ढिगाजवळ नेऊन टाकत. घंटागाडी येऊ लागल्यापासून तिची वाट पाहत थांबत. ती ज्या दिवशी यायची नाही त्या दिवशी टोपले परत घरात नेत. आम्ही एकदा म्हणालो, खाला, आमच्या दारापुढचे तुम्ही कशाला झाडता? त्या म्हणाल्या, "झाडू को क्या मालूम बेटा, किसका दरवाजा है?"

आमच्याकडे झाडण्याची दुसरीही एक पद्धत आहे, ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. दारापुढचे झाडायचे आणि शेजाऱ्याच्या हद्दीत लोटायचे. शेजारी उठला की तो पुढे लोटतो. असे करत करत कचरा नालीत जातो, नाली तुंबते, आणि पावसाळ्यात तेच पाणी सगळ्यांच्या घरात येते. खालांच्या झाडूला हद्द नव्हती, आमच्या झाडूला तीच तेवढी होती.

पण आम्हाला आणखी एक शंका आहे आणि ती खालांवर अन्याय करणारी वाटली तरी मांडतो. त्यांच्या झाडण्याने आम्ही आळशी झालो नाही ना? फर्ज-ए-किफाया आपल्याला माहीत आहे : काहींनी केले की बाकीच्यांची जबाबदारी उतरते, कुणीच केले नाही तर सगळे गुन्हेगार. जनाजाची नमाज तशी आहे. गल्लीची सफाईही आम्ही मनातल्या मनात तशीच करून टाकली होती. खाला करतात, म्हणजे झाले. त्यांनी आठ दिवस खराटा ठेवून दिला असता तर कदाचित आम्ही जागे झालो असतो. पण दुसऱ्यांना धडा शिकवण्यासाठी चांगले काम थांबवावे असे कुणाला सांगता येईल? आम्हाला तरी येत नाही. जो करतो त्याच्यामुळे न करणाऱ्याची सोय होते, हे चांगुलपणाचे जुनेच दुखणे आहे. त्याचा दोष सोय करून घेणाऱ्याच्या अंगावर राहतो.

त्यातही खाला बाई होत्या आणि गरीब होत्या. हदीस सांगायला मिंबरवर पुरुष, अंमल करायला खराटा घेऊन बाई, हे आपल्याला खटकत नाही. झाडणे हे हलके काम, असे आपण कुठून शिकलो? जात आपल्यात नाही असे आपण सांगतो. पण झाडूवाल्यांसाठी 'हलालखोर' हा शब्द आईन-ए-अकबरीत येतो, आणि तो अकबराने रूढ केला असे सांगतात. हलालाची खाणारा, किती सन्मानाचे नाव! पुढे तेच नाव एका बिरादरीला चिकटले आणि त्या घरात मुलगी द्यायला आपण कचरू लागलो. शब्बीर अन्सारी यांनी ज्या जालन्यातून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली त्या जालन्याला हे निराळे सांगायला नको. मस्जिद-ए-नबवी झाडणारी एक काळी बाई होती (काही रिवायतींत पुरुष म्हटले आहे). ती वारली तेव्हा लोकांनी एवढ्याशा गोष्टीसाठी पैगंबरांना काय कळवायचे म्हणून परस्पर दफन केले. ती दिसेना म्हणून त्यांनी विचारले, मला का सांगितले नाही म्हणाले, कबर कुठे आहे ते विचारून तिथे गेले आणि नमाज पढले.

खाला गेल्या पावसाळ्यात वारल्या.

जनाजा उचलला आणि गल्लीतून निघाला. आमच्या दारापर्यंत ठीक आला. आमच्या दारापुढे तीन पायऱ्या आहेत, समोरच्यांचा ओटा आहे, आणि त्या दिवशी मधे दोन मोटारसायकली होत्या. दोन्ही बाजूंचे खांदेकरी एका वेळी मावेनात. डावीकडच्यांना खाली उतरून मागे व्हावे लागले, जनाजा तिरका करावा लागला. वरची चादर घसरली, ती एका पोराने हाताने धरून ठेवली. पन्नास वर्षे जिने ही वाट झाडली तिला त्या वाटेवरून सरळ जाता आले नाही. अडथळा आमचा होता. आम्ही त्या वेळी खांदा द्यायला पुढे होतो आणि आमचाच पाय आमच्याच पायरीला अडखळला.

संध्याकाळी टेप घेऊन गल्ली मोजली. वळणाजवळ नऊ फूट, आमच्या दारात सव्वासहा. रस्त्यावरून वाद झाला तर तो सात हात ठेवावा असा निवाडा पैगंबरसाहेबांनी दिल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. हात दीड फुटाचा धरला तर साडेदहा फूट होतात. उंटांच्या काळातला तो हिशेब आहे. आज रुग्णवाहिका यायची आहे.

आपली बाजू मांडायची तर आमच्याकडेही मुद्दे होते. पायऱ्या हौसेने केलेल्या नाहीत. दर वेळी जुना रस्ता न खोदता त्यावरच सिमेंटचा नवा थर पडतो, रस्ता उंच होतो, घर खड्ड्यात जाते आणि पाणी आत येते. म्हणून अब्बांनी जोते उंचावले आणि पायऱ्या पुढे काढल्या. जालन्याची महानगरपालिका २०२३ मध्ये झाली, पण नगरपालिका असल्यापासूनचा हा प्रकार आहे. आमच्या मोहल्ल्यात सफाईची माणसे कमी येतात ही तक्रारही खोटी नाही, ती केलीच पाहिजे. पण आमच्या पायऱ्या कुणा अधिकाऱ्याने बांधलेल्या नाहीत. आणि एक मुद्दा तर आम्ही स्वतःलाच सांगत आलो होतो : ही जागा आम्ही वर्षानुवर्षे झाडली, धुतली, सांभाळली, मग थोडी आमची नाही का?

शिकागोत याच न्यायाचे एक गमतीचे उदाहरण आहे. ज्याने रस्त्याकडेचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली तो कामाला जाताना तिथे जुनी खुर्ची ठेवून जातो. म्हणजे मी राबलो, जागा माझी. कायद्याला हे मान्य नाही, तरी तिथले लोक बहुधा खुर्चीचा मान राखतात. आपल्या फिकहमध्येही मेहनतीने मालकी येते : पडीक, कुणाची नसलेली जमीन जो लागवडीखाली आणील ती त्याची. पण फुकहांनी तिथेच सांगून ठेवले आहे की लोकांची वहिवाट ही पडीक जमीन नव्हे. ती कितीही झाडली तरी आपली होत नाही. खुर्ची निदान संध्याकाळी उचलतात. आम्ही सिमेंटची ठेवली होती. आणि झाडण्यानेच मालकी येत असती तर आमची अख्खी गल्ली खालांच्या नावावर लागली असती.

गवंडी बोलावला. पायऱ्या काढून टाकता येणार नव्हत्या, अम्मींचे गुडघे आहेत. त्याने सुचवले की पायऱ्या रस्त्यात सरळ न उतरवता भिंतीला लागून आडव्या घ्याव्यात. धाकटा भाऊ म्हणाला, समोरच्यांनी ओटा मागे घेतल्याशिवाय आपण का घ्यायचा? त्याच्या म्हणण्यात वजन होते. समोरचेही आमच्याबद्दल तेच म्हणत असणार. दोन दिवस घरात वाद झाला, तिसऱ्या दिवशी पायऱ्या फोडल्या. मलबा त्याच दिवशी उचलून नेला, एक रात्रही वाटेवर ठेवला नाही.

आता आमच्या दारात पावणेआठ फूट आहे. समोरचे भाई संध्याकाळी बाहेर आले, नव्या मोकळ्या जागेकडे पाहून खूश झाले. "बहोत अच्छा किया मियाँ," म्हणाले, आणि आपली मोटारसायकल त्या जागेत नीट लावून आत गेले. दुसऱ्या दिवशी फजरला आम्ही खराटा घेऊन बाहेर पडलो, तेव्हा ती तिथेच होती. तिच्याभोवतीने झाडले. असरनंतर त्यांच्याकडे चहाला जायचे ठरवले आहे, टेप बरोबर न्यावा की नेऊ नये यावर घरात अजून एकमत नाही.